सातवं बटण

सकाळी मोबाइल उघडला आणि डोकं फिरलं. आमच्या ग्रुपवर सहापैकी पाच जणांनी एकच बातमी टाकली होती. परदेशातल्या कुठल्याशा बड्या कंपनीचं यंत्र आता मराठी बोलतं. नुसतं बोलत नाही, हसतं, मध्येच थांबतं, उसासेही टाकतं. सोबत एक व्हिडिओ. त्यात ते यंत्र एका बाईला पुरणपोळीची कृती सांगत होतं आणि ती बाई तोंडावर हात ठेवून चकित होत होती. पुरणपोळी करता येणारी बाई पुरणपोळीच्या कृतीने चकित का होईल, हा प्रश्न एकालाही पडला नव्हता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

ग्रुप म्हणजे जळगावचे आम्ही सहा जण. शनिवारी सकाळी मेहरूण तलावाला फेरी मारायची, मग टपरीवर उभं राहून चहाबरोबर कॉम्प्युटरवर वाद घालायचा. सगळेच लिनक्सवाले. मोफत, खुलं, कोणीही उघडून बघावं आणि दुरुस्त करावं अशा सॉफ्टवेअरवर आमची श्रद्धा. कुणाच्या मशीनवर चोरून टाकलेलं सॉफ्टवेअर दिसलं की आम्ही शिवाशिव झाल्यासारखे मागे सरायचो. टपरीवाल्या भाऊंना आमच्या बोलण्यातलं अक्षर कळत नसे, पण आमची भांडणं त्यांना आवडायची.

मी त्या बातमीखाली चार परिच्छेदांचं उत्तर लिहिलं. तुमचं ते उसासे टाकणारं यंत्र इंटरनेटशिवाय मुकं आहे. सरकारी फाइल त्याच्याकडून वाचून घ्यायची तर ती आधी त्यांच्या घरी पाठवायची का? मराठी आवाज गेली कितीतरी वर्षं आम्ही फुकट सांभाळतोय, त्याची बातमी कोण करणार? असं बरंच. लिहिताना मस्त वाटत होतं. धुळ्याची बस चुकेल एवढं मस्त वाटत होतं.

'आम्ही सांभाळतोय' हे तसं खरं होतं. डोळ्यांनी दिसत नाही अशा माणसांसाठी पडदा वाचून दाखवणारं एक मोफत सॉफ्टवेअर आहे. त्याचा मराठी भाग, म्हणजे आवाज आणि काय वाचायचं, काय नाही त्याचे नियम, मी आणि आणखी दोघं बघायचो. त्यातल्या एकाचं लग्न झालं आणि तो दिसेनासा झाला. दुसरा युरोपातला एक निवृत्त मास्तर. त्याला मराठी येत नव्हती, पण त्याची शिस्त कडक होती. उरलो मी. पोटासाठी दिवसभर एका कंपनीचं काम घरून करायचं आणि मग हे. लोक तक्रारी लिहायचे. आवाज नाकातून येतो, अमुक वाचत नाही, तमुक अडकतं. मी एक ठरावीक उत्तर तयार करून ठेवलं होतं: 'हे मोफत सॉफ्टवेअर आहे. सुधारणा हवी असेल तर स्वतः करून पाठवा.' ते चिकटवायचं आणि तक्रार बंद करायची. तक्रार बंद केली की पानावर तिच्यापुढे छान जांभळी खूण यायची.

आणि माझी बहीण आंधळी आहे. हे खरं तर आधी सांगायला हवं होतं.

अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. धुळ्याला देवपुरात आमच्या दोन खोल्यांच्या घरात एकटी राहते. पांझरा नदी ओलांडली की पलीकडे तिचं ऑफिस. तिथे ती टेलिफोन ऑपरेटर होती. त्या बोर्डावर तिचा हात असा चालायचा की साहेबाने 'हॅलो' म्हणायच्या आत तिला कळायचं कुठे जोडायचं ते. अख्ख्या ऑफिसचे नंबर तोंडपाठ, आवाज तोंडपाठ. कोण रजेवर आहे आणि कोण रजेवर असल्याचं नाटक करतोय, हेही तिला कळायचं.

मग प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला आणि एके दिवशी तो बोर्डच काढून नेला. अक्काची नोकरी राहिली, पगार राहिला, काम गेलं. तिला आवक-जावकच्या खोलीबाहेर, भिंतीला टेकवलेल्या बाकावर बसवलं. साहेब माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "मॅडम, आता आरामात बसा." ऑफिसातल्या बायका म्हणाल्या, नशीब लागतं. अक्का घरी आली आणि दोन दिवस माझ्याशी फोनवर धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली, आमच्या घरच्या अहिराणीत.

"फुकटना पगार खाऊ का मी आते? माले काम पाहिजे. साहेबले सांगेल शे. फाइली कॉम्प्युटरवर येतीस ना, मंग माले बोलता कॉम्प्युटर करी दे, भाऊ."

साहेबांनी तिला तोंडावर नाही म्हटलं नव्हतं. एक फाइल कुणाच्याही मदतीशिवाय उघडून, वाचून, टिपणी लिहून पुढे पाठवून दाखवा, टेबल तुमचं, असं म्हणाले होते. एवढंच तिला हवं होतं. स्वतःचं टेबल. भिंतीचा बाक नको.

तिच्याकडे एक जुना कॉम्प्युटर होताच. कोणी तरी ओळखीच्याने त्यावर बोलणारं महागडं इंग्रजी सॉफ्टवेअर टाकून दिलं होतं, अर्थातच चोरीचं. अक्का ते अडखळत का होईना वापरत होती. मी ते पाहिलं आणि माझ्यातला लिनक्सवाला पेटून उठला. माझ्या सख्ख्या बहिणीच्या मशीनवर चोरीचा माल? एक नवा लॅपटॉप घेतला, आमचं मोफत सगळं त्यावर बसवलं, मराठी आवाज घातला आणि भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर तो तिच्या ताटाशेजारी ठेवला. जुना कॉम्प्युटर भंगारात दिला. अक्काने लॅपटॉपवरून हात फिरवला, कळ दाबली. आवाज बोलला. ती हसली आणि म्हणाली, "चांगलं शे."

त्यानंतर एक रविवार सोडून एक रविवार मी धुळ्याला जायचो. एरंडोल, पारोळा, आणि हायवेचं कायम चालू असलेलं काम. घरी पोचलो की अक्का ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढायची, मग आम्ही लॅपटॉप उघडायचो. ऑफिसच्या फायलींचं ते सरकारी पान मी उघडायचो, अक्का कळा दाबायची, आवाज वाचायचा, मी पडद्याकडे बघत मान डोलवायचो. वेग मात्र मी मुद्दाम कमी ठेवलेला असे, मला नीट कळावं म्हणून.

"कसं आहे?" मी विचारायचो.

"चांगलं शे."

"काही अडचण?"

"काही नही. चांगलं शे."

मला वाटायचं, आपण किती चांगलं काम केलंय. ग्रुपवर मी तिची गोष्ट सांगायचो. मोफत सॉफ्टवेअरमुळे एका बाईला काम मिळणार. टाळ्या.

ते सरकारी पान मात्र भयंकर होतं. कुणा कंत्राटदाराने केलेलं. टिपणीच्या चौकोनाखाली बारा बटणांची एक ओळ. प्रत्येक बटणावर एक इवलंसं चित्र आणि मागे नाव काही नाही. डोळ्यांना चित्र दिसतं, पण वाचणाऱ्या यंत्राला नाव लागतं. नाव नसलं की यंत्र बिचारं फक्त 'बटण' म्हणतं. बटण, बटण, बटण, बटण. असली पानं देशभर पसरली होती आणि आमच्या पानावर तक्रारी येत होत्या की ही बटबट बंद करा, डोकं उठतं. मला पटलं. ज्याला नाव नाही ते काय कामाचं? मी नियम लिहिला: ज्या बटणाला नाव नाही ते वगळायचं, सरळ पुढच्या नाव असलेल्या जागी जायचं. सूचना म्हणून तो पानावर मांडला. मास्तर म्हणाला, वापरणाऱ्यांना विचारून बघ. मी म्हटलं, मांडलंय ना, बोलतील ज्यांना बोलायचंय ते.

एकाच वापरणाऱ्याने हरकत घेतली. शुद्ध, सरकारी मराठीत लिहिलं होतं: 'बटणांना नाव नसले तरी ती मोजून वापरता येतात. कृपया वगळू नयेत.' खाली नाव नाही, नुसताच एक आकडा. मला हसू आलं. मोजून? हे काय काम करणं झालं? मी नेहमीचं उत्तर चिकटवलं आणि त्यात वर भर घातली: 'मोजून काम करणे ही योग्य पद्धत नव्हे. पटत नसेल तर जुनी आवृत्ती वापरा.' जांभळी खूण. संपलं.

साहेबांना दाखवायचा दिवस ठरला. मी रजा टाकली. त्या बातमीवर उत्तर लिहिण्यात पहिली बस चुकली, दुसरीने गेलो. बसमध्येही ग्रुपवर भांडत होतो. देवपुरात पोचलो तेव्हा अक्का इस्त्रीची साडी नेसून तयार बसली होती. निघायला अर्धा तास होता. आमच्या जमातीला रिकामा अर्धा तास सोसत नाही. आणि डोक्यात त्या उसासेवाल्या यंत्राचा राग. म्हटलं, साहेबांना दाखवायचं तर आपलं सर्वात नवं दाखवू. आदल्याच आठवड्यात आलेली नवी आवृत्ती टाकली, जुनी काढून टाकली. पहिलं पान उघडून पाहिलं, आवाज खणखणीत आला.

"काय करी राहिना रे?" अक्काने विचारलं.

"अपडेट. आता एकदम झकास झालंय."

ती काही तरी बोलणार होती. मग म्हणाली, "बरं."

ऑफिसात साहेबांच्या खोलीत टेबलाभोवती पाच-सहा जण जमले. अक्काने लॅपटॉप उघडला. वेग वाढवला, इतका की मला एक शब्द कळेना. नळाची तोटी पूर्ण सोडावी तसा आवाज. तिची बोटं मात्र त्याच्यापुढे धावत होती. फाइल उघडली, वाचली. साहेबांनी विचारलं, कशाबद्दल आहे? तिने दोन वाक्यांत सांगितलं. साहेबांनी भुवया उंचावल्या. तिने टिपणी लिहिली, चार ओळी, एक चूक नाही. मागच्या एका बाईने "बापरे" म्हटलं. माझी छाती फुगली होती.

मग अक्काने टिपणीच्या चौकोनातून बाहेर पडायला कळ दाबली आणि थांबली. आवाज म्हणाला, "मदत." तिने पुन्हा दाबली. "शोधा." पुन्हा. "बाहेर पडा." ती परत मागे आली. चौकोन. पुढे. "मदत." तिचा हात थांबला. कपाळावर घाम आला. पुन्हा पहिल्यापासून. मदत, शोधा, बाहेर पडा. मदत, शोधा, बाहेर पडा. खोलीत सगळे पडद्याकडे बघत होते आणि पडद्यावर, टिपणीच्या खाली, सगळ्यांना दिसेल असं हिरवं बटण होतं. बाण काढलेलं. पुढे पाठवा.

"अहो मॅडम, हे काय समोर आहे, हिरवं," साहेब म्हणाले.

अक्काची पुन्हा चौकोनापासून सुरुवात.

आणि मी, शहाणा, पुढे झालो, हात लांबवला आणि ते बटण दाबलं. फाइल गेली. मी "झालं!" असंही म्हणालो.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग अक्काकडे. आवाज खाली आणून म्हणाले, "राहू द्या मॅडम. वाचता फार छान येतं तुम्हाला. बघू पुढे." लोक पांगले. अक्काने लॅपटॉप मिटला, पिशवीत घातला, काठी उघडली आणि माझा हात न धरता बाहेर पडली.

पुलावर मी सुटलो. काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. तो कंत्राटदार, त्याला बटणाला दोन शब्दांचं नाव देता येत नाही. ते कार्यालय, असली पानं विकत घेणारं. त्या कंपन्या, पुरणपोळ्या लाटणाऱ्या. शंभर भाषांत उसासे टाकतात, पण सरकारी बटण वाचायला कुणाला वेळ नाही. पांझरेत पाणी कमी आणि वास जास्त होता, आणि मी बोलतच होतो. अक्का काठी टेकत चालत होती. पूल संपला तेव्हा म्हणाली, "सातवं."

"काय सातवं?"

"पुढे पाठवाचं बटण. सातवं व्हतं. चौकोनमाईन सात येळा दाबं का येस. मी मोजी ठेयेल व्हतं. परत पाठवाचं नववं. जतन करानं तिसरं. बठ्ठं पाठ शे. आज एक बी बटण नव्हतं."

मला पहिल्यांदा काही कळेना. मग कळलं. बटणं नव्हती, कारण नव्या आवृत्तीतल्या माझ्या नियमाने ती वगळली होती. तिच्या मशीनवरून, निघायच्या अर्धा तास आधी, माझ्या हाताने.

"अगं, मग इतके महिने बोलली का नाहीस? मी दर वेळी विचारायचो ना काही अडचण आहे का म्हणून!"

"भाऊबीजनी ओवाळणीले कोनी नावं ठेवस का रे?"

ती हे रागाने म्हणाली नाही. ते तिच्यासाठी इतकं उघड होतं की राग कशाचा? भावाने ताटात जे टाकलं ते बहीण उलटून बघत नाही, आमच्याकडे तरी नाही. आमची आई मामाने आणलेली साडी कितीही विटक्या रंगाची असली तरी त्याच्यासमोर नेसून दाखवायची. हे मी लहानपणापासून पाहिलेलं. आणि तरी मी मशीन ओवाळणीत ठेवलं आणि वर तिच्याकडून दोष ऐकायची अपेक्षा धरली. दर पंधरवड्याला 'चांगलं शे' ऐकून खूश होऊन परत गेलो.

घरी आल्यावर मी खुर्चीत बसून राहिलो. अक्काने पाणी दिलं. मग तिने लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला.

"डोया मिटी ले," ती म्हणाली. "आनि फाइल पाठाडी दाखाड."

मी आधी जुनी आवृत्ती परत टाकली. मग डोळे मिटले. खरं सांगतो, इतकी वर्षं त्या सॉफ्टवेअरचा मराठी भाग सांभाळतोय, पण ही गोष्ट मी एकदाही केली नव्हती. आवाज बरोबर येतो का हे मी पडद्याकडे बघून तपासायचो. आता पहिलंच पान उघडताना अडकलो. कुठे आहे कळेना. बटण. बटण. किती झाली? चार की पाच? मध्येच आवाजाने काही तरी गिळलं. मी परत मागे गेलो, तर भलतीकडेच निघालो. दहा मिनिटांत घाम फुटला. डोळे उघडायची इतकी इच्छा झाली की मी ते उघडले. पडद्यावर मी कोऱ्या टिपणीची फाइल परत पाठवायच्या बेतात होतो.

"नवव्यावर गया व्हशीन," अक्का म्हणाली.

"हो."

"आपले चुकी चालत नही. मोजनं पडस. मी लिखेल व्हतं ना तसं."

"काय लिहिलं होतंस?"

"तुमना त्या पानवर. ऑफिसनी भाषामा लिखं, तुले वाईट वाटाले नको म्हनीन. नाव नही टाकं."

मला ते वाक्य शब्दशः आठवलं. बटणांना नाव नसले तरी ती मोजून वापरता येतात. त्याखालचं माझं उत्तरही आठवलं, आणि त्यातली ती वरची भर. तोंडावर हात ठेवून हुंदका दाबावा असं वाटलं, पण शेजारी बसलेल्या माणसाला सगळं ऐकू येतं.

"माझं उत्तर वाचलंस?"

"वाचं ना. तुनाच आवाज वाची दाखाडस सगळं." आणि तिने ते पान उघडून आपल्या नेहमीच्या वेगात लावलं. मला एक अक्षर कळलं नाही. तिने वेग कमी केला. मग मी घडवलेल्या त्या नाकातल्या आवाजात, थंडपणे, एकेक शब्द सुटा सुटा करत यंत्राने वाचलं: हे मोफत सॉफ्टवेअर आहे. सुधारणा हवी असेल तर स्वतः करून पाठवा. मोजून काम करणे ही योग्य पद्धत नव्हे. पटत नसेल तर जुनी आवृत्ती वापरा.

"जुनीच वापरी राहिनथू," अक्का म्हणाली. "तू आज काढी टाकी."

मी ती बंद केलेली तक्रार पुन्हा उघडली. खाली लिहायला लागलो. मी लिहायचो ते यंत्र लगेच मोठ्याने वाचायचं, त्यामुळे लपवायला काही जागा नव्हती. दोन-तीन वाक्यं लिहून खोडली. शेवटी लिहिलं: 'तुमचं बरोबर आहे. चूक माझी. नियम मागे घेतो.' यंत्राने ते वाचलं.

"चांगलं शे," अक्का म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. "अक्का, खरं सांग."

"काय?"

"चांगलं आहे?"

तिने पदराने तोंड पुसलं. बराच वेळ लॅपटॉपच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. आणि मग म्हणाली, "नही रे. आवाज नाकमाईन येस. डोकं दुखस दुपारपावत. जोरमा लावं का शेवटना शब्द खाई जास. तारीख वाचस ती उलटी वाचस. आनि..."

मी पिशवीतून वही काढली. ती सांगत गेली आणि मी लिहीत गेलो. मध्ये दूधवाला येऊन गेला, शेजारच्या काकू डोकावून गेल्या, मोबाइलवर ग्रुप पेटलेला होता, माझ्या चार परिच्छेदांना कोणी तरी सहा परिच्छेदांत उत्तर दिलं होतं. मी उघडलं नाही. अक्काचा आवाज चढत गेला. वर्षभराचं साठलेलं होतं. मला ते ऐकताना चीड येत होती, आणि चीड कुणावर काढायची तर ती जागा मीच होतो.

साहेबांनी अजून दुसरी संधी दिलेली नाही. अक्का अजून बाकावर बसते. त्या कंत्राटदाराला मी बटणांना नावं द्या म्हणून तीन अर्ज केले, एकाचंही उत्तर नाही. आमच्या तक्रारींच्या पानावरचं ते ठरावीक उत्तर मी काढून टाकलं आहे, आणि रविवारी धुळ्याला जातो ते डोळे मिटून बसायला.

वहीत आजवर एक्केचाळीस तक्रारी झाल्या आहेत. त्यातल्या सहा मी सोडवल्या, असं मी म्हणतो. अक्का म्हणते, चार.